दुसऱ्या वेळी काय? नॉर्मल की पुन्हा सिझर?

एकदा सिझर झालं की पुढचंही सिझरच, असं आपल्याकडे सगळे धरूनच चालतात. ते तसं नसतं. पण 'नॉर्मलच हवं' हा हट्टही वाटतो तितका सोपा नाही. ठाणे ते मंडणगड अशा एका प्रवासात मला समजलेली ही गोष्ट.

गौरी जेवणाच्या दिवशी दुपारी आमच्या मंडणगडच्या घरात, माजघरात परिषद भरली होती. विषय एकच... माझं पोट!

मला सातवा महिना. गाडी हळू चालवायची, दर तासाला थांबायचं, खाली उतरून पाय मोकळे करायचे, अशा सगळ्या अटी पाळत नवऱ्याने मला ठाण्याहून माहेरी आणून सोडलं होतं. पंगती उठल्या, पुरुष मंडळी पडवीत लवंडली आणि आत आई, मोठी काकू, आत्या, वहिनी आणि शेजारची आजी अशा सगळ्याजणी माझ्याभोवती बसल्या.

"पहिलं सिझर, म्हणजे हेही सिझरच," काकूने निकाल देऊन टाकला. "मग तारीख तरी नीट बघून घ्या. तुळशीचं लग्न झालं की चांगले दिवस आहेत."

"मला नॉर्मल करून बघायचंय," मी म्हटलं.

दोन सेकंद शांतता. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. आत्याच्या मते मला वेड लागलं होतं. एकदा टाके पडले की पिशवी कच्ची होते, हे तिला तिच्या जावेच्या भाचीवरून माहीत होतं. आईला नॉर्मल-सिझरशी देणंघेणं नव्हतं. तिचा मुद्दा वेगळाच होता. "पहिलं तिकडे केलंस, नोकरी सोडवत नाही म्हणून. आता दुसरं तरी माहेरी होऊ दे. शेक-शेगडी, मालिश, डिंकाचे लाडू... ठाण्यात कोण करणार तुझं?"

शेजारच्या आजीला मात्र माझं म्हणणं पसंत पडलं. "आमच्या येळेला कुठं होतं गो पोट कापणं? माझी सात झाली, याच गावात, सुईणीच्या हातावर."

"आणि हाताशी राहिली किती, आजी?" वहिनीने विचारलं.

आजीने चार बोटं वर केली. मग पदराने तोंड पुसलं आणि ती चहाचं बघायला म्हणून उठून गेली.

त्यानंतर माजघरात कुणी फारसं बोललं नाही. मी मात्र त्या चार बोटांचा विचार परत ठाण्याला येईपर्यंत करत होते. आपण 'पूर्वीच्या बायका कशा सहज बाळंत व्हायच्या' असं किती सहज म्हणून टाकतो!

बाहेरचा टाका, आतला टाका

आता थोडं फ्लॅशबॅकमध्ये. तीन वर्षांपूर्वी माझं पहिलं बाळंतपण ठाण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये झालं. तारीख उलटली म्हणून कळा आणायचं औषध दिलं. चौदा तास झाले, गर्भाशयाचं तोंड पाच सेंटीमीटरवर अडून बसलं ते बसलंच. मग समोर कागद आला, मी सही केली, आणि चाळीस मिनिटांत मुलगी माझ्या गालाला गाल लावून पडली होती. तक्रार काहीच नव्हती. म्हणजे, तेव्हा तरी नव्हती. नंतर ऑफिसमध्ये, लग्नात, लिफ्टमध्ये, जो भेटेल तो पहिला प्रश्न विचारायचा, "नॉर्मल की सिझर?" आणि 'सिझर' म्हटलं की चेहऱ्यावर एक 'अरेरे' यायचं. परीक्षेत एटीकेटी लागल्यासारखं!

म्हणून दुसऱ्या वेळी नव्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा मी पूर्ण तयारीत होते. या वेळी नॉर्मलच. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पोट तपासलं आणि म्हणाल्या, "बाहेरचा टाका मला दिसतोय. आतला दाखव."

म्हणजे? मी चक्रावले. मग त्यांनी कागदावर एक उलटा पेरू काढला. ही गर्भपिशवी. तिच्या खालच्या, पातळ भागात आडवा छेद घेतला असेल तर तो टाका चांगला जुळतो आणि पुढच्या वेळी कळा सोसायची शक्यता बरीच असते. पण वरच्या, जाड स्नायूच्या भागात उभा छेद घ्यावा लागला असेल, तर पुढच्या कळांमध्ये तो फाटायची भीती इतकी जास्त असते की नॉर्मलचा विचारच करत नाहीत. गंमत म्हणजे पोटावरच्या कातडीवरचा टाका आडवा आहे म्हणून आतला आडवा असेलच असं नाही. ते फक्त एकाच ठिकाणी लिहिलेलं असतं... पहिल्या ऑपरेशनच्या नोंदीत.

माझ्याकडे काय होतं? एक पानी डिस्चार्ज कार्ड आणि त्यावर चार अक्षरं, 'एलएससीएस'. ही अक्षरं खालच्या भागातला छेद असंच सांगतात. पण तो घेताना वर वाढवावा लागला होता का, टाका किती थरांत घातला, नेमकं कशामुळे ऑपरेशन केलं, यातलं काहीही नाही.

मग सुरू झाल्या जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमच्या चकरा. पहिल्यांदा 'साहेब जेवायला गेलेत', दुसऱ्यांदा 'अर्ज करा', तिसऱ्यांदा दीड पानाची झेरॉक्स. मैत्रिणींनो, एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रं द्यायची, हा डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीतला नियम आहे. आणि त्याच नियमावलीत कागदपत्रं जपून ठेवायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षांचं आहे. म्हणजे दुसऱ्या बाळाचा विचार सुरू होईपर्यंत पहिल्याची फाइल कदाचित रद्दीतही गेली असेल! डिस्चार्जच्या वेळीच ऑपरेशन नोट मागून घ्या. बारशाचे फोटो जपता तशी जपा.

माझ्या दीड पानात 'आडवा छेद, खालचा भाग, दोन थरांत टाके' असं लिहिलेलं होतं. डॉक्टर हसल्या. "आता बोलू या," म्हणाल्या.

'एकदा सिझर, कायम सिझर' आलं कुठून?

काकूने दिलेला निकाल मुळात काकूचा नाहीच. तो न्यूयॉर्कचा आहे! १९१६ साली एडविन क्रेगिन नावाच्या तिथल्या प्रसूतितज्ज्ञाने एका वैद्यकीय नियतकालिकात हे वाक्य लिहिलं. त्या काळी पिशवीवर छेद उभाच घेत आणि तो पुढच्या वेळी खरंच दगा देऊ शकत असे. क्रेगिनला सांगायचं होतं ते जवळजवळ उलटं होतं. पहिलं सिझर विचार करून करा, कारण त्याने बाई पुढच्यासाठी बांधली जाते. अपवाद असतात, हेही त्याने तिथेच नोंदवलं होतं. पण मधला विचार गळून गेला आणि घोषवाक्य तेवढं उरलं.

पुढे ग्लासगोच्या मन्रो कर या डॉक्टरांनी खालच्या भागातला आडवा छेद रुळवला आणि क्रेगिनच्या वाक्याखालची जमीनच सरकली. १९८० नंतर अमेरिकेत सिझरनंतरच्या नॉर्मल बाळंतपणाला, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत 'व्हीबॅक'ला, जोरात प्रोत्साहन मिळालं. १९९६ मध्ये तिथे आधी सिझर झालेल्या शंभरातल्या साधारण २८ बायका नॉर्मल बाळंत होत होत्या. दहा वर्षांत हाच आकडा दहाच्याही खाली आला. का, ते पुढे सांगते. त्याचा आमच्या मंडणगडशी फार जवळचा संबंध आहे.

आपल्याकडे हा प्रश्न आत्ता मोठा होतोय, कारण पहिली सिझरच भराभर वाढली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे २००५-०६ मध्ये देशातली ८.५ टक्के बाळं सिझरने जन्मत होती, २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के. महाराष्ट्रात हा आकडा २५.४ टक्के आहे. देशभरातल्या खासगी हॉस्पिटलांत तर ४७ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ दर दोघींत एक. २०१७ मध्ये मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी हॉस्पिटलांनी आपापलं सिझरचं प्रमाण जाहीर करावं म्हणून ऑनलाइन याचिका टाकली, तेव्हा तिच्यावर लाखाहून जास्त सह्या आल्या. आज सिझर झालेली प्रत्येक मुलगी दोन-चार वर्षांनी माझ्याच खुर्चीत येऊन बसणार आहे. दुसऱ्या वेळी काय?

आकड्यांशी मैत्री

आकडे म्हटलं की मला शाळेतल्या गणिताच्या बाई आठवतात. पण हे आकडे मी पाठ केले, कारण घरात जो तो 'अमकीचं असं झालं, तमकीचं तसं झालं' सांगत होता.

माझ्यासारख्या, एकच सिझर आणि तेही खालच्या आडव्या छेदाचं झालेल्या शंभर जणींनी कळा सोसायचं ठरवलं, तर त्यातल्या साधारण ७२ ते ७५ जणी नॉर्मल बाळंत होतात. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१५ च्या मार्गदर्शिकेत दिलेला हा आकडा आहे. आधी एखादं नॉर्मल बाळंतपण झालेलं असेल तर तो ८५-९० पर्यंत जातो. पहिलं सिझर बाळ पायाळू होतं म्हणून झालं असेल, तर आशा आणखी चांगली. माझ्यासारखं 'पुढे सरकेचना' म्हणून झालं असेल, तर थोडी कमी.

आता भीतीचा आकडा. कळा सोसताना जुना टाका फाटायचा धोका साधारण दोनशेत एकीला असतो. ठरवून सिझर केलं तर हाच धोका दहा हजारांत दोघींना, म्हणजे नसल्यातच जमा. कळा आपोआप न येता औषधाने आणल्या किंवा वाढवल्या, तर धोका दुपटी-तिपटीने वाढतो. पहिल्या बाळंतपणानंतर दीड वर्षाच्या आतच दुसरं झालं, तरीही वाढतो.

मग सरळ सिझरच करून टाकावं की! थांबा. त्याचंही बिल असतं, फक्त ते उशिरा येतं. प्रत्येक सिझरबरोबर पोटात आतड्या-मूत्राशयाला चिकटलेले जोड वाढतात आणि पुढच्या वेळी वार जुन्या टाक्यात रुतून बसायची शक्यता वाढते. अमेरिकेत तीस हजारांहून जास्त बायकांवर झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. वार खाली सरकलेली असेल, तर ती अशी रुतून बसण्याचं प्रमाण पहिल्या सिझरच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्यात ११ आणि तिसऱ्यात थेट ४० टक्के दिसलं. अशा वेळी रक्तस्राव इतका होतो की अनेकदा गर्भपिशवीच काढावी लागते. शिवाय ठरवून केलेल्या सिझरमध्ये बाळाला सुरुवातीला श्वासाचा त्रास होण्याचं प्रमाण शंभरात चार-पाच, नॉर्मलमध्ये दोन-तीन. म्हणूनच कारण नसेल तर ३९ आठवडे पुरे व्हायच्या आत तारीख घेऊ नये म्हणतात. मुहूर्त कितीही चांगला असला तरी!

आणि या दोन्हींपेक्षा अवघड तिसरी गोष्ट म्हणजे कळाही सोसल्या आणि शेवटी धावपळीत सिझरही झालं. शंभरातल्या त्या पंचवीस-अठ्ठावीस जणी. टाके, ताप, रक्तस्राव यांचा सगळ्यात जास्त त्रास होतो तो यांनाच.

हे सगळं वाचून मी डॉक्टरांना म्हटलं, "म्हणजे दोन्हीकडे धोका आहेच."

"हो," त्या म्हणाल्या. "कुठला धोका तुला आणि तुझ्या घराला झेपेल, ते ठरवायचं."

घराला? तेव्हा मला ते नीट कळलं नाही. ते कळलं मंडणगडला, वहिनीकडून.

घाट मध्ये येतो

मंडणगड म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचं सगळ्यात वरचं टोक. मुंबईहून येताना रायगडातलं गोरेगाव मागे पडलं की सावित्रीच्या खाडीवरचा आंबेतचा पूल लागतो, पलीकडे म्हाप्रळ, मग शेनाळे घाट चढून गाव. वेळासच्या कासवांसाठी तुम्ही वीकएंडला गेला असाल, बाणकोटचा किल्ला पाहिला असेल, बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे पाहायला गेला असाल, तर हा रस्ता तुम्हाला माहीत असेल. फोटो सुंदर येतात. पण पोटात कळा घेऊन हाच रस्ता पार करायचा असेल तर?

वहिनीने तो केलाय. तिचं पहिलं बाळंतपण जुलैत, ऐन पावसात. रात्री पाणी गेलं, बाळाचे ठोके कमी-जास्त व्हायला लागले, आणि १०८ ला फोन करून तिला तालुक्याबाहेर हलवलं. दीड तास. "मला एकेक वळण आठवतंय," ती म्हणाली. गौरी विसर्जनानंतर आम्ही दोघी मागच्या पडवीत बसलो होतो, ती वाल सोलत होती. "दर वळणाला मी मनात म्हणायची, अजून ठोका आहे ना रे बाळा?"

बाळ सुखरूप आलं. सिझर झालं. मागच्या वर्षी दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी तिला विचारलंही होतं, कळा सोसायच्या का? टाका चांगला आहे, मधे चार वर्षं गेलीत. वहिनीने नाही म्हटलं.

"का गं? तुझं तर नॉर्मल झालंही असतं."

वहिनीचे हात थांबले. "अगं, तुझा तो दोनशेत एकीचा आकडा आहे ना, तो मलाही सांगितला होता डॉक्टरांनी. पण ठाण्यातली ती एक दहा मिनिटांत टेबलावर असते. इथली ती एक घाटात असते. आकडा तोच, पण बाई तीच आहे का?"

मी गप्प बसले. मास कॉमला आम्हाला शिकवलं होतं, आकड्यांच्या मागचा माणूस शोधा. वहिनीने एका वाक्यात शोधून दिला!

टाका सुटायला लागला तर बहुतेक वेळा पहिली खूण मिळते ती बाळाच्या ठोक्यांत. म्हणून अशा बाईच्या कळा सुरू झाल्या की ठोक्यांचं मशीन सतत लावून ठेवतात. पण मशीनने इशारा दिल्यावर काय? पुढचा हिशेब तासांचा नसतो, मिनिटांचा असतो. त्या मिनिटांत सर्जन, भूलतज्ज्ञ, बाळाचे डॉक्टर आणि रक्त या चार गोष्टी एकाच छताखाली लागतात. रात्री दोनलाही, दिवाळीच्या पाडव्यालाही. सरकारी भाषेत चोवीस तास सिझर, नवजात बाळाची काळजी आणि रक्ताचा साठा जिथे असतो त्याला 'फर्स्ट रेफरल युनिट' म्हणतात. कुठल्याही तालुक्याच्या गावात नॉर्मलचा विचार करणाऱ्या बाईने हा एक शब्द पाठ करून ठेवावा आणि विचारावं, आमच्या जवळचं कुठलं? मंडणगडला ग्रामीण रुग्णालय आहे. दापोली आणि खेडजवळच्या कळंबणीला उपजिल्हा रुग्णालयं आहेत. पण या गावांच्या मधे रस्ता असतो, पाऊस असतो. आंबेतचा पूलसुद्धा मधल्या काळात दुरुस्तीसाठी वाहतुकीला बंद होता. पूल बंद असला की नकाशावरचं जवळचं गावही लांबचं होतं.

वहिनीने ३९ आठवडे भरल्यावरची तारीख घेतली, दोन दिवस आधी त्या गावी नातेवाइकांकडे जाऊन राहिली, दादाने रजा टाकली, मोठ्याला आईकडे ठेवलं. तिसरं नको हे दोघांचं पक्कं होतं, म्हणून त्याच वेळी कुटुंब नियोजनाचं ऑपरेशनही उरकलं. म्हणजे ते तिसऱ्या सिझरचं ४० टक्क्यांचं भूतही तिच्या वाटेला येणार नाही. सरकारी दवाखान्यात सिझरसकट सगळं मोफत असतं, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून. नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवणसुद्धा. वहिनीच्या निर्णयात कुठेही घाबरटपणा नव्हता. तो मी पाहिलेला सगळ्यात हिशेबी निर्णय होता.

अमेरिकेतलं मंडणगड

आता तो अमेरिकेतला घसरलेला आकडा. तिकडे व्हीबॅक वाढले तसे टाके फाटल्याचे प्रसंगही वाढले, कोर्टकचेऱ्या झाल्या. १९९९ मध्ये तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की अशा बाळंतपणाच्या वेळी तातडीचं सिझर करू शकणारे डॉक्टर 'तात्काळ हजर' हवेत. वाक्य बरोबर होतं. पण छोट्या गावांतल्या हॉस्पिटलांना चोवीस तास भूलतज्ज्ञ बसवून ठेवणं परवडेना. त्यांनी सरळ बोर्ड लावला... आमच्याकडे व्हीबॅक होत नाही. २०१० मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तीन दिवसांची परिषद घेतली आणि निष्कर्ष काढला की बऱ्याच बायकांसाठी कळा सोसून बघणं हा रास्त पर्याय आहे आणि त्यांच्या वाटेतले अडथळे कमी करायला हवेत. तिथेच मांडलेला एक आकडा मला चकित करून गेला. आईच्या मृत्यूचा धोका, तोही अगदी दुर्मीळच, पण कळा सोसणाऱ्यांत लाखात साधारण ४ आणि ठरवून पुन्हा सिझर करणाऱ्यांत १३.

म्हणजे इतक्या श्रीमंत देशातही प्रश्न शेवटी तोच. बाई किती धीट आहे याने काही ठरत नाही. ऑपरेशन थिएटर तिच्यापासून किती मिनिटांवर आहे याने ठरतं.

मग मी काय ठरवलं?

ठाण्याला परत आल्यावर मी डॉक्टरांसमोर यादीच ठेवली. माझ्या बाजूने काय? एकच सिझर, आडवा छेद, तीन वर्षांचं अंतर, वार वरच्या बाजूला, हॉस्पिटल घरापासून बारा मिनिटांवर आणि तिथे भूलतज्ज्ञ रात्रीही हजर. विरोधात काय? पहिल्या वेळी अडलेलं बाळंतपण आणि एकही नॉर्मल झालेलं नाही.

आम्ही असं ठरवलं. कळा आपोआप आल्या तर सोसायच्या, ठोक्यांचं मशीन सतत चालू. औषधाने कळा आणायच्या नाहीत. ४१ आठवड्यांपर्यंत काहीच झालं नाही तर हसत-हसत सिझर. आणि मधेच ठोक्यांनी दगा दिला, तर मला कुणी समजावत बसायचं नाही, सही आधीच करून ठेवणार. हे सगळं फाइलमध्ये लिहून घेतलंय, कारण रात्री ड्युटीवर दुसरेच डॉक्टर असू शकतात.

नवऱ्याने त्याच्या कंपनीच्या मेडिक्लेमची कलमं काढून वाचली. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत असते तशी त्याच्याही पॉलिसीत नॉर्मलची मर्यादा वेगळी आणि सिझरची वेगळी निघाली. कळा सोसून शेवटी सिझर झालं तर खिशातून किती जातील, याचा अंदाज घेऊन ते पैसे बाजूला ठेवले. रोमँटिक नाही, पण रात्री झोप लागते!

सगळ्यात अवघड फोन आईला होता. "आई, मला माहेरी नाही येता येणार." ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "वहिनी बोलली माझ्याशी. बरं, मीच येते. शेगडी चालते ना तुमच्या फ्लॅटमध्ये?" शेगडी चालत नाही, फायर अलार्म वाजतो. पण डिंकाचे लाडू चालतात. आई, दोन पिशव्या, आळिवाची पुडी आणि जुन्या मऊ लुगड्यांच्या दुपट्यांचं गाठोडं, असं माहेर गेल्या आठवड्यात पनवेलच्या एसटीने आमच्याकडे आलं.

आज माझा ३८ वा आठवडा संपला. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा निकाल लागलेलाही असेल. मी त्या पंचाहत्तरांतली की पंचविसांतली, मला माहीत नाही, आणि आता तेवढी भीतीही वाटत नाही. बॅग दाराशी आहे. वरच्या कप्प्यात झेरॉक्सचं दीड पान.

काल वहिनीचा फोन आला. तिचं धाकटं मागे रडत होतं. "घाबरू नको गं," ती म्हणाली. "आणि शेवटी सिझर झालंच, तर कुणी विचारलं की सरळ सांग. नॉर्मल की सिझर? तर म्हणावं, दोघंही बरे आहेत."

जाण्याआधी हे विचारा

• माझ्या पहिल्या ऑपरेशनची नोंद तुम्ही वाचलीत का? आतला छेद कसा होता? पहिलं सिझर कशामुळे झालं होतं आणि ते कारण या वेळीही आहे का?

• वार कुठे आहे? जुन्या टाक्यावर तर नाही ना?

• रात्री आणि सुटीच्या दिवशी भूलतज्ज्ञ हॉस्पिटलमध्ये असतात की घरून येतात? यायला किती मिनिटं लागतात?

• माझ्या गटाचं रक्त कुठून आणि किती वेळात मिळेल?

• कळा आपोआप आल्या नाहीत तर काय करायचं? औषध देणार असाल तर कुठलं?

• कळा चालू असताना ठोक्यांचं मशीन सतत लावणार का?

• नॉर्मल ठरवून शेवटी सिझर झालं तर खर्च किती?

• आम्हाला आणखी मूल हवं आहे. मग या वेळच्या निर्णयाचा पुढे काय परिणाम होईल?

(प्रत्येकीचं पोट वेगळं, टाका वेगळा. माझा निर्णय जसाच्या तसा उचलू नका. तुमच्या डॉक्टरांशी बसून तुमचा तुम्हीच घ्या.)